मामींची चिमूट, मामांची भट्टी

मामांना कशाचाही हेवा वाटू शकायचा. एकदा ते तापाने दवाखान्यात पडले होते, तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला जास्त लोक येतात म्हणून त्यांचा ताप चढला. घाबरून नर्सने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर आले ते आधी मामांकडे आले, आणि एवढ्यावरच ताप उतरला. हे त्यांचा मेहुणा सांगायचा. मेहुण्याला तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगता येत नसे, त्यामुळे यातलं निम्मं सोडून द्यावं. उरलेलं निम्मं मात्र खरं होतं.

तसा माणूस मनाने वाईट नव्हता आणि कामाला तर वाघ होता. नाण्याएवढ्या चकत्या बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात भट्टीपुढे गेली. भुवया करपून विरळ झालेल्या, हातावर कोपरापर्यंत केस नाहीत, आणि भर उन्हाळ्यात सगळे पंख्याखाली धावत तेव्हा हे भट्टीशेजारी स्टूल टाकून चहा पीत बसणार. भट्टीच्या भोकातून आत डोकावून, नुसत्या उजेडाच्या रंगावरून ते आत किती तापलंय ते सांगत. मग भिंतीवरच्या यंत्रातला आकडा तेवढाच निघाला, की यंत्राने आपली नक्कल केल्यासारखे त्याच्याकडे रागाने बघत. कारखान्यात लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणत.

या चकत्या दिसायला कपबशीच्या तुकड्यासारख्या, पण त्यांचं काम मोठं नाजूक. खोली गरम करायच्या हीटरमध्ये त्या बसत. गार असताना चकतीतून वीज वाहते आणि चकती तापते. तापत तापत ठरलेल्या गरमपणाला पोचली, की ती आपणहून वीज अडवून धरते. हीटर कितीही वेळ चालू राहिला तरी हाताबाहेर जात नाही. तान्ह्या बाळांच्या खोलीत लावायचे हीटर याच चकत्यांवर चालत, आणि ही गोष्ट कारखान्यातला झाडूवालासुद्धा पाहुण्यांना छाती पुढे काढून सांगे.

चकतीचं मूळ म्हणजे एक पांढरी पूड. बेरियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांची बनलेली. ती नुसती भाजली तर चकतीत आणि कपबशीत काही फरक नसतो, वीज तिच्यातून काही केल्या जात नाही. पण भाजण्याआधी त्या पुडीत लँथॅनम नावाच्या धातूची अगदी चिमूटभर भर घातली, की चित्र पालटतं. लँथॅनम बेरियमच्या जागेवर जाऊन बसतो. येताना त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असतो, तो मोकळा सुटतो आणि वीज वाहू लागते. भट्टीतून निघालेली चकती मग पांढरट न राहता काळपट निळी होते. गंमत अशी की ही चिमूट जरा कमी पडली तरी काम बिघडतं आणि जरा जास्त झाली तर चकतीची पुन्हा कपबशी होते. जास्त घातलं म्हणजे जास्त वाहील, हा घरगुती हिशेब इथे चालत नाही. त्यात लोखंडाच्या गंजाचा कण जरी पडला तरी तो मोकळे झालेले इलेक्ट्रॉन गिळून बसतो. म्हणून चिमूट मोजायच्या काचेच्या खोलीत साधा लोखंडी चमचा न्यायचीही सोय नव्हती.

त्या काचेच्या खोलीत मामी बसायच्या.

मामी म्हणजे मामांची बायको. त्यांना कारखान्यात लावलं ते मामांनीच. "माझी बायको आहे, नीटनेटकी आहे, पॅकिंगला घ्या," असं त्यांनी स्वतः वरच्यांना सांगितलं होतं. मामांची म्हणून ती मामी, एवढीच तिची सुरुवातीला ओळख. पुढे काचेच्या खोलीतली बाई काम सोडून गेली आणि कुणीतरी मामींना तात्पुरतं तिथे बसवलं. मामी श्वास रोखून पूड तोलायच्या. तोलताना कुणी हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत, मग तो नवरा का असेना. महिन्यामागून महिने चकत्यांचा एकही घाणा वाया गेला नाही, तसे लोक म्हणायला लागले, मामींचा हात म्हणजे हात आहे. आणि एके दिवशी फाटकावरच्या नव्या पहारेकऱ्याने मामांना अडवून विचारलं, "तुम्ही मामींचे मिस्टर ना?"

त्या दिवशी मामांनी भट्टीशेजारचा चहा घेतला नाही.

तेव्हापासून त्यांच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. बायको दुसऱ्या कुणाशी हसून बोलली म्हणून जळणारे नवरे असतात. मामांना त्याचं काही नव्हतं. त्यांना हेवा होता तो त्या चिमटीचा. कशाच्या जोरावर? आपण आगीपुढे आयुष्य काढायचं, आणि नाव व्हायचं ते सावलीत बसून पूड तोलणारीचं! जेवताना ते उगाचच म्हणत, "माझ्या भट्टीत भाजल्याशिवाय तुझी पूड म्हणजे नुसतं पीठ आहे, पीठ."

"तर काय," मामी म्हणायच्या. "वाढू का अजून?"

भांडली असती तर बरं, असं मामांना वाटे. तिने ऐकून घेतलं की त्यांच्या अंगाची जास्तच लाही व्हायची.

अशात कारखान्याला एक नवं काम आलं. चकती होती तेवढीच ठेवायची, पण गार असताना तिच्यातून आधीपेक्षा बरीच जास्त वीज वाहायला हवी. म्हणजे तिचा अडथळ्याचा आकडा खाली यायला हवा. इंजिनियर मॅडमनी सगळ्यांना उभं करून समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, "सगळा खेळ चिमटीचा आहे. मामी, तुमच्यावर भिस्त आहे. हे जमलं, तर मिश्रण आणि भट्टी दोन्ही एकाच माणसाच्या हाताखाली आणायचंय. तो माणूस तुम्ही."

मामांनी ते ऐकलं आणि त्यांना आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. भट्टी? आपली भट्टी बायकोच्या हाताखाली?

मेहुणा खालच्या मजल्यावरच राहायचा, बातमी त्याच्यापर्यंत पोचायला जिना उतरण्याएवढाच वेळ लागला. "दाजी," तो दारातूनच म्हणाला, "म्हणजे आता रजेचा अर्ज ताईकडे द्यायचा. स्वयंपाकघरातच देत जा, कारखान्यापर्यंत कशाला न्यायचा?" मामी तोंडाला पदर लावून हसल्या. मामा हसले नाहीत. त्या हसण्यात मामींनी एकदा त्यांच्याकडे चोरून पाहिलं, तेही त्यांनी पाहिलं आणि मनात धरून ठेवलं.

मामींनी चिमूट किंचित कमी करून पाहिली, किंचित वाढवून पाहिली. आकडा खाली येत होता, पण हवा तिथे पोचत नव्हता. चाचणीच्या टेबलावरचा मीटरवाला रोज फळ्यावर आकडा लिही आणि रोज सगळे मान हलवत. मामा मात्र मनातून सुखावत होते. होऊ दे फजिती, कळू दे जरा.

आणि मग त्यांच्या डोक्यात ते आलं.

त्यांना एक गोष्ट माहीत होती. फार पूर्वी भट्टीचं दार बिघडून उघडलं होतं आणि एक घाणा भराभर गार झाला होता. त्या चकत्यांचा आकडा नेहमीपेक्षा कितीतरी खाली आला होता. तो घाणा तेव्हा फेकून दिला, का फेकला ते मामांनी विचारलं नव्हतं. नियम असा होता की भाजणं संपलं की भट्टी हवेत हळूहळू, अगदी रेंगाळत गार करायची. त्या रेंगाळण्यात ऑक्सिजन चकतीतल्या कणांच्या कडांवर जाऊन बसतो, आणि गरम झाल्यावर वीज अडवतात त्या या कडाच, असं मॅडमनी एकदा सांगितलं होतं. मामांनी ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं होतं. कडा कोणाला दिसतात? फळ्यावर दिसतो तो आकडा. तो खाली आला की झालं. आणि तो मामींच्या चिमटीने आला नाही, मामांच्या भट्टीने आला, हे जगाला दिसेल.

मामींनी चिमूट पुन्हा किंचित बदलून पाठवलेला घाणा भट्टीत असताना मामांनी दार वेळेआधी उघडलं. झरोके मोकळे केले. धगीचा लोट तोंडावर आला तेव्हा त्यांना तरुण झाल्यासारखं वाटलं.

चकत्या मीटरवाल्याकडे गेल्या. मामा शर्टाची कॉलर नीट करून, हात मागे बांधून, जरा बाजूला उभे राहिले. काय म्हणायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं: काही विशेष नाही हो, भट्टी ओळखता यायला पाहिजे. मीटरवाल्याने चकती लावली, चष्मा पुसला, दुसरी लावली, तिसरी लावली. आकडा हवा त्याच्याही खाली होता. तो ताडकन उठला आणि ओरडला,

"मामीऽ! अहो, काय हात आहे की जादू!"

सगळं शेड काचेच्या खोलीकडे धावलं. मामा आपल्या जागी हात मागे बांधून तसेच उभे राहिले. कुणीतरी त्यांच्या हातात चहाचा कप दिला, तोही मामींकडे नेऊन द्यायला.

गर्दी पांगल्यावर मामी मुद्दाम भट्टीपाशी आल्या. "तुमची भट्टीपण छान लागली हो," त्या म्हणाल्या. ते "पण" मामांना दिवसभर चावत राहिलं. बरं, सांगायची सोय नाही. सांगावं तर नियम मोडल्याचं कबूल करावं लागतं. स्वतःच्या हाताने बायकोच्या डोक्यावर मुकुट चढवला होता आणि टाळ्याही वाजवाव्या लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गरम चाचणी होती. नव्या चकत्या घालून हीटर लावला. तापला, आणखी तापला, थांबायचं तिथे थांबला नाही. मीटरवाला म्हणाला, "आता अडवेल, आता अडवेल," आणि हीटरची पुढची जाळी मऊ होऊन खाली झुकली. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. मॅडमनी धावत जाऊन प्लग ओढला. 

"गार असताना वाहतेय, गरम झाल्यावर अडवत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "भट्टीचा क्रम नेहमीचाच होता ना?"

"मामा आणि क्रम मोडतील?" मामांच्या आधी मीटरवालाच बोलला. "एक वेळ घड्याळ चुकेल."

"मग मिश्रणातच गडबड आहे. मामी, या वेळी काय वेगळं केलंत?"

मामींचा चेहरा उतरला होता. "चिमूट रोजच्यासारखी किंचित बदलली, एवढंच, मॅडम. पण माझंच चुकलं असेल कुठेतरी. हात हलला असेल."

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणाला मामांना बरं वाटलं. छान वाटलं. हात हलला म्हणते! मग त्यांचं लक्ष त्या वितळलेल्या जाळीकडे गेलं. ही चाचणी झाली नसती तर हा हीटर कुणाच्या तरी पाळण्याशेजारी लागला असता.  दुसऱ्या क्षणाला ते बोलून बसले, "मॅडम, तिचं काही चुकलं नाही. मी केलं. मी भट्टी लवकर उघडली."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मामा, मला कळतंय. पण बायकोची चूक अशी अंगावर घेऊ नका. त्याने चकत्या सुधारत नाहीत."

"अहो, खरंच मी..."

"राहू द्या, मामा."

पॅकिंगच्या बायकांचे डोळे भरून आले. "नवरा असावा तर असा," एकजण म्हणाली. मीटरवाल्याने मामांच्या खांद्यावर हात ठेवला. मामा तोंड उघडून उभे राहिले आणि मग त्यांनी ते मिटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं शेड त्यांच्याकडे बघत होतं. चूक केली ती कुणी मानायला तयार नाही आणि जे केलं नाही त्याचं कौतुक होतंय! पण कौतुक ते कौतुकच. गोड लागलं. मॅडमनी मामींना निरोप दिला, उद्यापासून परत पॅकिंगला या, बाकीचं नंतर बघू. मामा तरीही गप्प राहिले.

संध्याकाळी मेहुणा वर आला आणि पहिल्यांदाच चेष्टा न करता म्हणाला, "दाजी, मानलं तुम्हाला." मामांनी मान हलवली. तो गेल्यावर मामींनी चहा टाकला. साखर घातली, थोड्या वेळाने पुन्हा घातली. कपात ओतताना हात बघत राहिल्या, आपला नसल्यासारखा.

"रोजच्यासारखंच तोललं होतं हो," त्या म्हणाल्या. "सारखं आठवून बघतेय. कुठे चुकले तेच सापडत नाही. म्हणजे आता आपल्याच हाताचा भरवसा नाही." मग त्या हसल्या. "पण जाऊ दे. मोठी जागा गेली तर गेली. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यासाठी उभे राहिलात. लग्न झाल्यापासून असं कधी केलं नव्हतंत. मला आज त्या जागेपेक्षा ते मोठं वाटलं."

मामांनी कप खाली ठेवला. इथे गप्प बसलं की सगळं मिळत होतं. भट्टी त्यांची राहत होती, बायको परत खोकी बांधायला जात होती, वर पुन्हा खूश होती. हेव्याला आणखी काय हवं असतं? पण ती पुन्हा आपल्या हाताकडे बघायला लागली, आणि ते मामांना बघवेना.

"अगं, मी तुझ्यासाठी नाही बोललो," ते म्हणाले. "ते खरंच होतं. दार मी उघडलं. मुद्दाम."

मामी हळूच म्हणाल्या, "मला तिथेच कळायला हवं होतं. माझ्यासाठी खोटं बोलणाऱ्यातले तुम्ही नाही." आणि मग, "का केलंत?"

"भट्टीचीही किंमत कळावी म्हणून," मामा म्हणाले. ते अर्धंच खरं होतं.

सकाळी दोघं मिळून मॅडमपुढे उभे राहिले. मॅडम या वेळीही ऐकेनात. तेव्हा मामा हट्टाला पेटले. आपणच गुन्हेगार आहोत हे पटवायला माणूस इतका जिवाच्या आकांताने भांडताना कारखान्याने कधी पाहिला नव्हता. "त्याच चकत्या द्या," ते म्हणाले, "निम्म्या तशाच ठेवा. निम्म्या मी पुन्हा तापवतो आणि नियमाने हळू गार करतो. पूड तीच, चिमूट तीच. मग बघा."

मॅडम स्वतः भट्टीपाशी बसून राहिल्या. मामांनी त्या दिवशी भट्टीचं दार देवघरासारखं जपलं. चकत्या पुन्हा तापल्या, मोकळ्या हवेत रेंगाळत गार झाल्या आणि चाचणीला गेल्या. गार असतानाचा आकडा थोडा वर चढला होता, पण नव्या कामाला हवा त्याच्या आतच होता. हीटर लावला. तापला, तापला, आणि ठरल्या जागी मुकाट्याने थांबला. तशाच ठेवलेल्या चकत्यांनी मात्र दुसऱ्या हीटरचीही जाळी वाकवली.

"म्हणजे या घाण्याची चिमूट बरोबरच होती," मॅडम म्हणाल्या. "आधीपासून." शेड मामींकडे धावलं. मामांकडे मॅडम एकट्याच वळल्या, आणि त्यांच्या नजरेत कालचा मऊपणा नव्हता. भट्टीने काय होतं आणि काय बिघडतं हे आता सगळ्यांना लख्ख कळलं होतं. मामांना हवं होतं ते हेच, फक्त असं नको होतं.

मोठी जागा मामींना मिळाली. मामांचं काय करायचं ते मॅडमनी मामींवरच सोडलं. मामींनी दोन दिवस कुणाला काही सांगितलं नाही, घरीही नाही. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाल्या, "उद्यापासून भट्टीवर मीटरवाले भाऊ. मामा चाचणीच्या टेबलावर."

घरी जाताना मामांनी विचारलं, "रागानं काढलंस ना मला?"

"राग आहेच," मामी म्हणाल्या. "तो जाईल हळूहळू. पण रागानं नाही काढलं. तुम्ही भट्टीपुढे असताना मी निर्धास्त बसू शकत नाही, म्हणून काढलं."

त्यांनी आवाज चढवला नाही की मान वळवली नाही. मामांना अपमान वाटला, लाज वाटली, आणि त्या दोन्हींच्या आधी, सवयीने, हेवाच वाटला. मनातलं असं सरळ तोंडावर बोलायला ही कुठे शिकली? रस्ता ओलांडून होईपर्यंत त्यांनी दम धरला. मग थांबले.

"अगं," ते म्हणाले, "मला तुझा हेवा वाटतो. फार वर्षं वाटतोय."

मामीही थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"हे तुम्ही दार उघडण्याआधी सांगितलं असतंत ना," त्या म्हणाल्या, "तर भट्टी तुमच्याकडेच राहिली असती."